मिठाच्या पाण्यातला एक तास

मुलीने माझ्या सत्तावन्नाव्या वाढदिवसाला मला एका टाकीत तासभर पडून राहण्याचं कुपन दिलं. रविवार होता. ती गुरुग्रामच्याच दुसऱ्या टोकाला, विसाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून झाल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक भलंमोठं पांढरं अंडं होतं, झाकण उघडलेलं, आत निळा उजेड.

"हे काय, फ्रीज आहे का?" मी विचारलं.

"फ्लोट टँक, आई. आत मिठाचं पाणी असतं. इतकं मीठ, की बॉडी आपोआप तरंगते. मग झाकण बंद, लाइट बंद, आवाज बिल्कुल बंद. तू यार एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी कर."

"पैसे देऊन अंधारात पडायचं? आम्ही इथे राहायला आलो तेव्हा हे रोज संध्याकाळी फुकट मिळायचं."

नवरा हसला. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र तो नवराच. तीस-बत्तीस वर्षं सरकारी कागदावर ज्याला त्याला 'माननीय' लिहून झाल्यावर घरच्या माणसाला तरी एकेरीत लिहायची मोकळीक मला हवी आहे.

मी ते कुपन आमच्या घरातल्या इतर कुपनांसारखं सुखाने मुदत संपेपर्यंत ठेवून दिलं असतं. पण मुलीचं एक वाक्य डोक्यात रुतून बसलं. आवाज बिल्कुल बंद. अशी जागा मी गेले आठ महिने शोधत होते, आणि का शोधत होते ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

आठ महिन्यांपासून मला एक आवाज ऐकू येत होता. बारीक, उंच आणि अजिबात न थांबणारा. सकाळी डोळे उघडले की तो हजर असायचा. दिवसभर ऑफिसात, मेट्रोत, बाजारात कळायचा नाही. घरी येऊन टीव्ही बंद झाला, मिक्सर थांबला, की पुन्हा सुरू. सुरुवातीला मी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्हाला काही आवाज येतोय का?" तो म्हणाला, "नाही बुवा. कसला?" दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, समोर जेसीबी चालू आहे, त्यात अजून कुठला आवाज शोधतेस?" आणि तिने कानात हेडफोन खुपसले. तिसऱ्यांदा मी कोणाला विचारलं नाही. दोघांना ऐकू येत नाही आणि मला एकटीला येतो, म्हणजे तो कुठे आहे हे उघड होतं.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि शेवटची सहा वर्षं आमच्याकडेच होती. एक दिवस भाजी निवडताना म्हणाली, "माझ्या कानात रातकिडा बसलाय गं. गोंगाटात गप्प असतो, शांत झालं की लागतो ओरडायला." मी म्हटलं, गरम तेल घाल. तेल घातलं, लसूण घातलेलं तेलही घालून झालं. मग डॉक्टर झाले. त्यांनी सांगितलं की रातकिडा काही जायचा नाही, आणि ऐकूही हळूहळू कमी येत जाईल. तसंच झालं. कानाचं मशीन आणलं, ते शिट्ट्या मारायचं म्हणून तिने खणात टाकलं. नंतर नंतर ती प्रत्येक गोष्टीला हसून 'हो' म्हणायला लागली. पोळी वाढू का? हो. बाहेर थंडी आहे का? हो. तुला काय म्हणाले मी, सांग बरं? हो.

माझा स्वभाव मुळात चिडका. मी ओरडायचे. चार लोकांत ओरडायचे. आणि शेवटच्या वर्षात तर मी तिच्याशी बोलणंच कमी केलं होतं. भांडण काही नव्हतं, ओरडून बोलायचा कंटाळा यायचा, इतकंच. ती हॉलमधल्या खुर्चीत बसून आमच्या तोंडांकडे बघत राहायची. ती गेल्यावर मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली असेल तर याची. त्यामुळे ती गेल्यावर काही महिन्यांतच माझ्या कानात बारीक आवाज सुरू झाला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. भीती मात्र खूप वाटली.

दुसरी भीती पोटापाण्याची. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लघुलेखक होते. बैठकीत साहेब लोक जे पुटपुटतात, एकमेकांचं तोडून बोलतात, तोंडात पान ठेवून बोलतात, ते सगळं अक्षर न चुकवता उतरवायचं. माझे कान आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होते. एकदा एका बैठकीत कोण नक्की काय म्हणालं यावरून दोन अधिकाऱ्यांची जुंपली, तेव्हा सचिवांनी दोघांना गप्प केलं आणि माझी वही मागवली. निवृत्तीला तीन वर्षं होती. ती तीन वर्षं मला 'हो हो' करत काढायची नव्हती.

डॉक्टरकडे का गेले नाही? कारण डॉक्टर म्हणजे निकाल. निकाल लागेपर्यंत माणूस पास असतो, निदान मी तरी स्वतःला तसं समजावत होते. त्याऐवजी मी स्वतःच्याच तपासण्या करत बसले. कानात बोटं घातली, तर आत नुसती घरघर ऐकू यायची, त्यात तो आवाज आहे की नाही ते कळायचं नाही. कापूस घातला, तर आवाज कमी व्हायचा पण जायचा नाही. एका शनिवारी नवरा भाजी आणायला गेला असताना मी घराचा मेन स्विचच खाली ओढला.

आमचं घर म्हणजे एका तीन मजली इमारतीचा वरचा मजला. नव्वदचं दशक संपता संपता आम्ही सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा आजूबाजूला मोहरीची शेतं होती, नीलगायी गेटपर्यंत यायच्या आणि वीज यायची ती जणू पाहुणी म्हणून. सगळी दिल्ली आम्हाला वेड्यात काढत होती. तेव्हापासून घरात इन्वर्टर आहे. आई गेल्यावर देवघरात देवांच्या शेजारी तिचा फोटो आला आणि त्यापुढे दिवा. आधी तेलाचाच होता. पण एका दुपारी नवरा आतल्या खोलीत घोरत असताना वाऱ्याने पडदा दिव्यावर गेला आणि त्याची कड जळाली. मग मुलीने विजेचा दिवा आणला, ज्योत हलल्यासारखी दिसते तसला. वीज गेली तरी तो जाऊ नये म्हणून मी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो इन्वर्टरच्या लाइनवर टाकून घेतला. तोही भला माणूस. "माताजी का दिया है, ये तो जलना ही चाहिए," म्हणत त्याने वेगळे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

तर त्या शनिवारी मेन स्विच बंद केल्यावर फ्रीज थांबला, पाण्याचं फिल्टर थांबलं. इन्वर्टरवरचे पंखे, दिवे मी एकेक करून बंद केले. मग इन्वर्टरचं बटणही बंद करायला गॅलरीत गेले आणि तिथे थांबले. ते बंद केलं की देवापुढचा दिवा जाणार. देवापुढचा आणि आईपुढचा दिवा आपण होऊन मालवायचा, आणि तोही कशासाठी, तर स्वतःच्या कानाची परीक्षा घ्यायला? माझा हात धजावला नाही. शिवाय इन्वर्टरचा आवाज मला पाठ होता, जाडाभरडा, घुमणारा. हा तो नव्हता. म्हणून इन्वर्टर तसाच ठेवून मी घराच्या मधोमध, पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले. घर गार पडलं होतं. दिवा तेवढा तेवत होता. आणि आवाज होता तसाच, उलट जास्तच स्वच्छ.

मी देवघरापुढे हात जोडले. "आई, तुझं सगळं घेतलं असतं गं," मी म्हटलं, "हे नको होतं." मग डोळे पुसून मेन स्विच वर केला, कारण नवरा जिना चढत होता.

त्यानंतर मी शांत जागा शोधायला लागले. घर सोडून कुठेतरी इतकं शांत हवं होतं, की आवाज असलाच तर लपायला त्याला काही मिळू नये. दिल्लीत अशी जागा शोधून बघा. बागेत लोक फोनवर बोलत फिरतात. देवळात घंटा. जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला निघाली, तेव्हा मी मुद्दाम नाव दिलं. म्हटलं, रणभूमी आहे, मोकळं मैदान आहे, तिथे तरी शांत असेल. तिथे पोवाडा थांबला की घोषणा, घोषणा थांबल्या की माइकची चाचणी, आणि ती थांबली की कोणीतरी पुऱ्या संपल्याचं ओरडून सांगत होतं. कानातला आवाज ऐकू आला नाही, पण तिथे तोफेचाही आला नसता.

म्हणून मी ते कुपन वापरलं. मुलीला वाटलं आई सुधारली. मी फोन करून शनिवारी सकाळची वेळ घेतली.

आता तासभर पाण्यात जायचं म्हटल्यावर कोणती मराठी बाई कोरड्या केसांनी जाईल? मी सकाळी उठून डोक्यावर चांगलं वाटीभर खोबरेल थापलं, अंगालाही लावलं आणि कढत पाण्याने न्हाऊन निघाले. सणाला निघाल्यासारखं वाटत होतं. ते सेंटर एका काचेच्या इमारतीत, दातांचा दवाखाना आणि लहान मुलांची शाळा यांच्या मधोमध होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने मला फॉर्म दिला, हसली, आणि मग तिचं नाक हललं.

"मॅडम, बालों में ऑइल लगाया है क्या?"

"हाँ, धो के आयी हूँ," मी अभिमानाने म्हटलं.

"नहीं मॅडम, ऑइल तो बिल्कुल नहीं चलेगा. पूरा पानी खराब हो जाएगा."

तिने मला शॅम्पूची मोठी बाटली देऊन आत पाठवलं. मी तीनदा केस धुतले. प्रत्येक वेळी ती दार किलकिलं करून माझं डोकं तपासायची आणि म्हणायची, "एक बार और, आंटी." दुसऱ्या फेरीलाच मी मॅडमची आंटी झाले होते. चिडायला हवं होतं, पण ती मुलगी इतकी मनापासून घासायला सांगत होती की मला हसू यायला लागलं. शेवटी तिने कानात घालायला मऊ मेणासारख्या दोन गोळ्या दिल्या, गोड्या पाण्याची एक लहान बाटली दाखवली, डोळ्यात मीठ गेलं तर ते पाणी डोळ्यांवर फवारायचं. भिंतीवरचं बटण दाखवलं, घाबरल्यास ते दाबायचं. "घबराना मत, डूब ही नहीं सकते," म्हणाली आणि गेली.

मी गोळ्या कानात दाबून बसवल्या आणि पाण्यात पाय घातला. पाणी अंगाइतकंच कोमट, हाताला तुपासारखं बुळबुळीत. बसायला गेले तर पाय वर आले. आडवी झाले तर पाणी मला वर ढकलून देत होतं. वजनाचा काटा मला कधीच इतका प्रेमाने वागवत नाही. झाकण ओढलं. सुरुवातीला मंद संगीत होतं, बासरी वगैरे, ते हळूहळू विरलं. मग निळा दिवाही गेला.

पहिली पाच-दहा मिनिटं मी काही ऐकलंच नाही, कारण मला ऐकायची हिंमत नव्हती. मी इतर गोष्टींत गुंतून राहिले. पायाच्या भेगेत मीठ झोंबत होतं. मान ताठ धरली होती, ती सोडता येत नव्हती. आयुष्यभर डोकं आपल्यालाच सांभाळायची सवय, ते पाण्यावर सोडून द्यायचं म्हणजे मोठंच काम. एकदा पायाचा अंगठा भिंतीला लागला आणि मी गोल फिरले, मग डोकं कुठल्या बाजूला आणि दार कुठल्या बाजूला हे कळेना. बटण कुठे होतं? हात लांबवला, सापडलं. दाबलं नाही. बटण आहे एवढ्याने बरं वाटलं.

मग मान आपोआप सुटली. आणि मी स्वतःला म्हटलं, चला बाई, वही उघडा.

बैठकीत ऐकायची माझी एक पद्धत होती. सगळे एकदम बोलत असले तरी घाबरायचं नाही. आधी सगळ्यात मोठा आवाज धरायचा आणि बाजूला ठेवायचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. तसंच केलं. सगळ्यात मोठा आवाज श्वासाचा होता. तो ऐकला आणि बाजूला ठेवला. त्याच्या खाली हृदय, ठोक्यामागून ठोका, जरा घाईतच. त्याच्या खाली मानेच्या मणक्यांची कुरकुर. आवंढा गिळला तर घसा केवढा वाजतो! पोटात सकाळचे पोहे काहीतरी बोलत होते. त्याच्याही खाली गेले. आता यायला हवा होता तो. माझ्या छातीचे ठोके इतके वाढले की त्यांनीच सगळं झाकून टाकलं, म्हणून मी श्वास मोजत पडून राहिले, ते शांत होईपर्यंत.

शांत झाले. आणि खाली काही नव्हतं.

मी पुन्हा वरून सुरुवात केली. श्वास, ठोके, मान, पोट. पुन्हा तळाशी गेले. तिथे काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा केलं. माझ्या कानात काहीही नव्हतं. रातकिडा नव्हता, शिट्टी नव्हती. माझे कान रिकामे होते, धुतलेल्या पातेल्यासारखे स्वच्छ.

मी हसायला लागले. त्या अंड्यात माझं हसणं एवढं मोठं वाजलं की मीच दचकले. मग रडायलाही आलं, डोळ्यांवर हात गेला, हाताचं मीठ डोळ्यात गेलं आणि मी "आई गं!" म्हणून किंचाळले. बाटली सापडेना. तेव्हा कुठे बटण दाबलं. ती मुलगी धावत आली असावी, बाहेरून आवाज आला, "आंटी, ठीक हो ना? डर लग रहा है?"

"नहीं बेटा," मी म्हटलं, "बहुत अच्छा लग रहा है."

उरलेला वेळ मी खरोखर तरंगले. काही विचार केला नाही, काही ऐकलंही नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा ऐकण्याचं काम नव्हतं. हात कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही नव्हती. झाकण उघडलं तेव्हा मला त्या मुलीचा राग आला, तास इतक्यात कसा संपला म्हणून.

परतताना कॅबमध्ये बसले तर हॉर्न, रिक्षा, मेट्रोच्या खांबाखाली चाललेलं ड्रिलिंग, सगळं गोड लागत होतं. ड्रायव्हरने विचारलं, "एसी तेज़ कर दूँ?" मी त्याला खिडकी उघडू का विचारलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. डोक्यात मीठ वाळून केस खराट्यासारखे झाले होते, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

घराचं दार उघडलं आणि तो आवाज तिथेच होता. मला इतका आनंद झाला की चपला काढायचं भान राहिलं नाही. आहे, आहे! घरात आहे, माझ्यात नाही! नवरा हॉलमध्ये टीव्हीवर इंग्रजी मालिका बघत होता, आवाज बंद ठेवून, खाली अक्षरं लावून. निवृत्त झाल्यापासून त्याचा हा नवा छंद, इंग्रजी सुधारतंय म्हणायचा. मी त्याच्यापुढून तशीच आत गेले आणि आवाजाच्या मागे लागले. गॅसची गळती शोधतात तशी, नाक पुढे करून. स्वयंपाकघरात कमी. बेडरूममध्ये थोडा जास्त. पॅसेजमध्ये आणखी जास्त. देवघराशी आले, वाकले, आणि आवाज एकदम कानावर आला. आईच्या फोटोमागे, भिंतीवरच्या प्लगमध्ये, त्या दिव्याचा लहानसा काळा अडॅप्टर होता. त्याला कान लावला. तोच!

म्हणजे मेन स्विच ओढून सगळं घर बंद केलं, तेव्हा ज्याला मी हात लावला नव्हता तोच ओरडत होता, आणि त्याच्यापुढे हात जोडून मी रडले होते. स्वतःला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. "आई, एक मिनिट हं," असं फोटोला म्हणून मी प्लग ओढला. दिवा गेला. आवाज गेला. घरात जी शांतता पसरली, तिला टाकीतही तोड नव्हती.

"अहो, इकडे या!" मी हाक मारली. तो आला नाही. टीव्ही लावला की हा माणूस या जगात नसतो. मी हॉलमध्ये जाऊन त्याला हात धरूनच उठवून आणलं.

"सापडला! आठ महिने मी विचारत होते ना, तो आवाज. हा बघा, लावते." प्लग लावला, दिवा लागला, आवाज सुरू झाला. "आला?"

"हो," तो म्हणाला.

"काढते. गेला?"

"हो, गेला. बरोबर होतीस तू."

माझा आनंद गगनात मावेना. आता दोष दिव्याचा की अडॅप्टरचा हे बघायला मी प्लग पुन्हा लावला आणि फक्त दिव्याच्या मागची बारीक पिन काढली. दिवा विझला, पण अडॅप्टर प्लगमध्येच होता आणि पूर्वीसारखाच ओरडत होता.

"आता?" मी विचारलं.

त्याने विझलेल्या दिव्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला, "आता गेला बघ. बिल्कुल गेला."

तो हसतही होता. ते हसू आणि तो 'हो' मला आईपासून ओळखीचे होते.

माझ्या हातात पिन तशीच राहिली. मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याला कळलं की काहीतरी चुकलं. तो हळूच डायनिंगच्या खुर्चीवर बसला. मी अडॅप्टर ओढून काढला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून?"

"रिटायर व्हायच्या आधीपासून. मीटिंगमध्ये लोकांच्या ओठांकडे बघायचो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तू विचारलंस आवाज येतोय का. मला काहीच आलं नाही, मी नाही म्हटलं. खोटं कुठे बोललो?"

मी उसळले. आठ महिने मी त्या 'नाही'वर मरत होते, आणि हा असा! तोंड उघडलंही होतं. मग माझ्या लक्षात आलं की मीही आठ महिने त्याला काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच पलंगावर आपापला कान लपवून झोपत होतो.

"सांगायचं ना," मी म्हटलं.

"आईंचं बघितलं होतं मी," तो म्हणाला.

त्याने एवढंच म्हटलं. मी तिच्यावर ओरडायचे तेव्हा तो समोरच असायचा. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं, कारण हा जिवंत माझ्यासमोर बसला होता आणि अजून सगळं सांगता, विचारता येत होतं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. त्याचे खांदे खाली आले होते.

"डासांचं काय?" मी एकदम विचारलं. "रोज माझ्याच कानाशी येतात, तुम्ही कसे निवांत झोपता?"

"मला वाटायचं, हल्ली फवारणी चांगली करतात."

मी हसले, इतकी हसले की तोही हसायला लागला. सोमवारी रजा टाकून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मशीन लागलं तर लावायचं, खणात टाकायचं नाही, हेही ठरलं. मग तो थोडा पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कसा होता गं तो आवाज?"

मी सावकाश, शब्द सुटे करून सांगितलं. बारीक. सुई कापडातून ओढावी तसा, फक्त दोरा संपतच नाही. तो मान हलवत राहिला. "आता काय काय येतंय?" त्याने विचारलं.

मी कान दिला. खालच्या मजल्यावर कोणीतरी लसूण ठेचत होतं, ते सांगितलं. गॅलरीत एक इवलासा काळा पक्षी चिवचिवत होता, ते सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. "आपलं घड्याळ वाजतं?" त्याने विचारलं. वाजतं म्हटलं, आणि टेबलावर बोटाने त्याची टिकटिक वाजवून दाखवली. जेवायची वेळ टळून गेली तरी मी त्याला घर ऐकवत बसले होते.